आठवीच्या मुलांना पैशाचा हिशेब कुठून शिकवावा?

कोल्हापुरात आठवीला गणित शिकवते. परवा सरळव्याज घेताना विचारलं, "शेकडा तीननं पैसे घेतले तर वर्षाचं व्याज किती?" सगळा वर्ग म्हणाला, तीन टक्के. मागच्या बाकावरची एकच मुलगी हळूच बोलली, "बाई, ते महिन्याचं असतंय. आमच्या आईनं घेतल्यात." म्हणजे वर्षाला 36 टक्के! पुस्तकातल्या गणितात दर कायम द.सा.द.शे., म्हणजे दर साल दर शेकडा, वर्षाचाच. त्या मुलीचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर 1
पोस्टापासून करा. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला स्वतःच्या नावानं बचत खातं काढता येतं, 500 रुपयांत. स्लिप त्यांनाच भरू दे.

उत्तर 2
बाई, चप्पल लाइनला दुकान आहे आमचं. धंदा शिकवायचा तर एका जोडाचा खर्च मांडायला लावा. चामडं, दोरा, चपलेवरची चामड्याची वेणी, कारागिराची मजुरी, गाळ्याचं भाडं. माझ्या पोरानं मांडला, आणि दिवसभर गल्ल्यावर बसलेल्या माझी मजुरी धरलीच नाही. नफा भारी दिसला! पोरं हमखास तिथंच चुकतात. उधारीची वही पण दाखवा. विकलं म्हणजे पैसे आले, असं नसतंय.

प्रश्नकर्ती
दादा, शनिवारी दहा-बारा मुलं घेऊन दुकानात आले तर चालेल का? त्या मुलीला मी सोबत आणणारच आहे.

उत्तर 2
या की. सकाळी अकराच्या आत या, गिऱ्हाईक कमी असतंय.