ऑस्टिओपॅथिक महाविद्यालयांतील हाताचे प्रशिक्षण सक्तीचे राहावे का?

मूळ लेख: कौटुंबिक डॉक्टर (डीओ), मिशिगन

अमेरिकेत डॉक्टर होण्याचे दोन मार्ग आहेत, हे इथल्या अनेक मराठी पालकांना मुलांच्या प्रवेशाची वेळ दारात येऊन ठेपली की मगच कळते. एक मार्ग एमडीचा आणि दुसरा डीओचा, म्हणजे ऑस्टिओपॅथिक वैद्यकाचा. औषधे देण्याचे आणि शस्त्रक्रिया करण्याचे अधिकार दोघांनाही सर्व राज्यांत सारखेच आहेत, २०२० पासून पदव्युत्तर प्रशिक्षणाची मान्यताव्यवस्थाही एकच झाली आहे आणि आज अमेरिकेतील वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी पाव भागाहून अधिक विद्यार्थी डीओ महाविद्यालयांत शिकतात. फरक उरतो तो मुख्यतः पहिल्या दोन वर्षांतील सुमारे २०० तासांचा. या तासांत विद्यार्थी मणके, सांधे आणि स्नायू हाताने तपासायला आणि हातानेच त्यांवर उपचार करायला शिकतात.

मी या वर्गात शिकलो आणि गेली काही वर्षे आठवड्यातून एक दुपार तिथे शिकवतो. एका टेबलाशी दोघे उभे राहतात. एक रुग्ण होतो, दुसरा डॉक्टर, आणि मग अदलाबदल होते. पहिल्या महिन्यात बहुतेकांना काहीच कळत नाही. कमरेच्या पाचव्या मणक्याची चित्रातली जागा तोंडपाठ असते, पण बोटांखाली तो मणका सापडत नाही. मग हळूहळू त्वचेचा दमटपणा, दोन बाजूंच्या स्नायूंतील ताणाचा फरक, सांधा सहज कोठवर जातो आणि कोठे अडतो, हे हाताला उमगू लागते. कमरेत उसण भरलेल्या माणसाचा पाय अडथळ्यापर्यंत न्यायचा, त्याला तीन ते पाच सेकंद आपल्या हाताविरुद्ध हलका जोर लावायला सांगायचा, सैल सोडायला लावायचे आणि नव्या मर्यादेपर्यंत जायचे, असे तीन-चार वेळा करायचे. ही कृती लिहायला दोन ओळी पुरतात, पण किती जोर पुरेसा हे कळायला अनेक महिने जातात.

या प्रशिक्षणाचे मोल मला सर्वांत ठळकपणे दिसले ते उपचार न केल्याच्या प्रसंगात. सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंच्या पाठीवर हात ठेवताच माझी विद्यार्थिनी थांबली. दुखणे स्नायूत पसरलेले नव्हते, एका मणक्यावर नेमके टोचत होते. एक्स-रेमध्ये ठिसूळ झालेल्या मणक्याचा अस्थिभंग निघाला. तिथे झटका देणारी पद्धत वापरली असती तर काय झाले असते, हे सांगायला नको.

असे असूनही हाताच्या कौशल्याची देशपातळीवरील प्रात्यक्षिक परीक्षा २०२० मध्ये साथीमुळे थांबली आणि २०२२ मध्ये कायमची बंद करण्यात आली. आता लेखी परीक्षेत या विषयाचे प्रश्न येतात. हाताचे कौशल्य तपासण्याचे काम ज्याच्या त्याच्या महाविद्यालयावर सोपवले आहे. जे तपासले जात नाही ते मनापासून शिकले जात नाही, हा माझा वर्गातला अनुभव आहे. म्हणून हे २०० तास सक्तीचेच राहावेत आणि सर्वांसाठी समान प्रात्यक्षिक परीक्षा पुन्हा सुरू व्हावी, असे माझे मत आहे. आपली मते वाचायला आवडतील.

प्रतिसाद १: अंतर्गत वैद्यक (एमडी), न्यू जर्सी

आपल्या विद्यार्थिनीचे कौतुक आहे, पण तिने जे केले ती काळजीपूर्वक केलेली शारीरिक तपासणी होती. ती प्रत्येक एमडी विद्यार्थ्यानेही केलीच पाहिजे. त्यातून हाताने केलेल्या उपचारांची उपयुक्तता सिद्ध होत नाही. या दोन गोष्टी एकत्र बांधल्या की चांगल्या तपासणीचे श्रेय उपचारपद्धतीच्या खात्यावर जमा होते, आणि माझा मुख्य आक्षेप तोच आहे.

उपचारांचा पुरावा पाहू. फ्रान्समध्ये ४०० कंबरदुखीच्या रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हाताच्या खऱ्या आणि तुलनेसाठी केवळ देखाव्यापुरत्या केलेल्या नकली उपचारांतील फरक इतका लहान निघाला की त्याचा रुग्णाला कितपत उपयोग, याबद्दल संशोधकांनीच शंका व्यक्त केली. न्यूमोनिया झालेल्या ४०६ वृद्ध रुग्णांच्या २०१० मधील अभ्यासात, ठरवून दिलेल्या गटांप्रमाणे सर्वांचा हिशेब धरला असता, रुग्णालयातील मुक्कामात लक्षणीय फरक आढळला नाही. कवटीच्या हाडांची सूक्ष्म लय हाताला जाणवते असे मानणारी शाखा तर दोन तपासनीसांचे एकमतही दाखवू शकलेली नाही. ती अभ्यासक्रमातून वगळावी, असे २००२ मध्ये एका ऑस्टिओपॅथिक महाविद्यालयातीलच दोन प्राध्यापकांनी लिहिले होते.

ऑस्टिओपॅथीचे संस्थापक अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ मध्ये मिसुरीतील कर्क्सव्हिल येथे पहिले ऑस्टिओपॅथिक महाविद्यालय काढले, तेव्हा औषधांऐवजी हाताच्या उपचारांवर भर देण्याची त्यांची भूमिका समजण्यासारखी होती. १८६४ मध्ये मेंदूज्वराने त्यांची तीन मुले गेली होती आणि त्या काळची औषधे अनेकदा रोगापेक्षा घातक होती. ती परिस्थिती आता उरलेली नाही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात निम्म्याहून अधिक डीओ डॉक्टर पाच टक्क्यांहून कमी रुग्णांवर हे उपचार करत असल्याचे आढळले होते. पदवीनंतर बहुतेक जण जे बाजूला ठेवतात त्यासाठी २०० तास सक्तीने घेणे मला पटत नाही.

प्रतिसाद २: फिजिओथेरपिस्ट, पुणे

आपल्याकडे दर्शन, स्पर्शन, प्रश्न ही तपासणीची त्रयी जुनी आहे आणि गावोगावच्या हाडवैद्यांच्या हातातले कसब मी जवळून पाहिले आहे. त्या कसबाबरोबर चुकीचे बसवलेले हाड घेऊन आलेले रुग्णही पाहिले आहेत. म्हणून हात शिकवायचा असेल तर त्याला शरीररचनेची आणि धोक्याच्या खुणांची जोड हवीच, आणि ती देणारे महाविद्यालय मला आश्वासक वाटते. संधिवाताने मानेचे वरचे सांधे सैल झालेल्या रुग्णाच्या मानेला झटका देऊ नये, हे ज्याला माहीत नाही त्याने मानेला हात लावू नये.

माझी अडचण वेगळी आहे. ज्या विद्यार्थ्याला पुढे भूलतज्ज्ञ किंवा नेत्रतज्ज्ञ व्हायचे आहे, त्याचे कौशल्य सरावाअभावी दोन वर्षांत बोथट होणार. तपासणी आणि धोक्याच्या खुणा सर्वांना सक्तीच्या ठेवाव्यात. उपचारांच्या पद्धती मात्र ज्यांना रोज वापरायच्या आहेत त्यांनाच, पण दुप्पट वेळ देऊन शिकवाव्यात.

प्रतिसाद ३: डीओ, द्वितीय वर्ष

सर, मी सध्या या टेबलाशी उभी असते, म्हणून एक गोष्ट मांडते. वर्गात आम्ही सैल टी-शर्ट आणि हाफ पॅन्ट घालून एकमेकांचे रुग्ण होतो. पहिल्या आठवड्यांत वर्गमित्राने आपल्या बरगड्या किंवा माकडहाडाजवळचा भाग तपासावा, याचा मला फार संकोच वाटला. जोडीदार बदलून मागता येतो, हे मला तिसऱ्या महिन्यात कळले, आणि तेही मैत्रिणीकडून. हा वर्ग सक्तीचा ठेवायचा असेल तर नकार देण्याची मुभा पहिल्या दिवशी, मोठ्याने आणि सर्वांसमोर सांगितली गेली पाहिजे.

तरीही हा वर्ग ऐच्छिक व्हावा असे मला वाटत नाही. स्वतः टेबलावर पडून राहिल्यामुळे थंड हात, न सांगता केलेला स्पर्श आणि घाईने वळवलेली मान कशी वाटते, हे मला कळले. आता मी प्रत्येक रुग्णाला आधी विचारते, मग हात लावते. ऐच्छिक केल्यास ज्यांना याची सर्वाधिक गरज आहे तेच येणार नाहीत.

मूळ लेखकाचे उत्तर

ताई, तुमचा मुद्दा मला लागला. आमच्या वर्गातही ही मुभा कागदावर आहे आणि ती मी स्वतः कधी मोठ्याने सांगितलेली नाही. पुढच्या सत्रात पहिल्या तासाची सुरुवात त्यानेच होईल.

न्यू जर्सीच्या डॉक्टरसाहेबांनी दिलेले आकडे बरोबर आहेत, पण चित्र त्याहून मोठे आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १५५ रुग्णांच्या अभ्यासात हाताचे उपचार आणि नेहमीचे उपचार यांनी कंबरदुखी सारखीच कमी झाली, पण हाताच्या उपचारांच्या गटाला औषधे कमी लागली. ज्या देशात कंबरदुखीसाठी लिहून दिलेल्या अफूजन्य गोळ्यांनी घरे उद्ध्वस्त केली, तिथे हा फरक मी किरकोळ मानत नाही. २०१३ मधील ४५५ रुग्णांच्या चाचणीत जुनाट कंबरदुखीत नकली उपचारांपेक्षा स्पष्ट सुधारणा दिसली. अंतर्गत वैद्यकाच्या अमेरिकी संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शनात, पुरावा कमी दर्जाचा असल्याचे नोंदवूनही, कंबरदुखीसाठी औषधांआधी सुचवलेल्या पर्यायांत मणक्यावरील हाताच्या उपचारांचा समावेश केला आहे. कवटीच्या शाखेबद्दल मात्र मी आपल्याशी सहमत आहे. ती सक्तीच्या तासांतून काढावी.

पुण्याच्या सूचनेशी मी सहमत नाही. कोण पुढे काय होणार हे दुसऱ्या वर्षी विद्यार्थ्यालाही ठाऊक नसते. शिवाय उपचार करून पाहिल्याशिवाय तपासणीतला हात पक्का होत नाही, कारण आपल्या बोटांना जाणवलेला अडथळा खरा होता की नाही हे उपचारानंतरच्या बदलावरून ताडता येते.

प्रतिसाद १ (पुन्हा)

तो बदल स्वतः उपचार करणाऱ्यानेच ताडायचा, हाच तर पेच आहे. ज्याने उपचार केला त्याला सुधारणा जाणवणारच. आपल्याला समान परीक्षा हवी असेल तर ती अशी घ्या: एकाच रुग्णाला दोन विद्यार्थी वेगवेगळे तपासतील, कोणता मणका अडला आहे ते एकमेकांना न सांगता लिहून देतील, आणि गुण त्यांच्या एकमताला मिळतील. अशा परीक्षेत हात टिकला तर २०० तासांना असलेला माझा विरोध मी मागे घेईन.

मूळ लेखकाचे उत्तर

ही अट मला मान्य आहे. माझ्या गुरुवारच्या वर्गात आठ टेबले आहेत. प्रत्येक टेबलावरच्या रुग्णाला दोघे जण वेगवेगळे तपासतील आणि मणका चिठ्ठीवर लिहून देतील. चिठ्ठ्या वर्गाबाहेरचा सहकारी उघडेल. एकमत किती झाले, ते आकडा कसाही निघाला तरी इथेच लिहितो.