तुतीच्या पानाखाली भुरी (पिठासारखी पांढरी बुरशी) आली, रेशमाच्या अळ्या तिसऱ्या मोल्टवर (कात टाकायला बसलेल्या). मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. जालना जिल्ह्यात आमची एकरभर व्ही-1 वाणाची तुती आहे. 150 अंडीपुंजांची बॅच चालू आहे, अळ्या उद्या-परवा तिसऱ्या मोल्टवरून उठतील. मग खादाडी सुरू होईल आणि आत्ताच हे संकट.

काल फांद्या कापताना बोटांना पीठ लागलं. पान उलटलं तर खाली पांढरे डाग, काही पानं तर पूर्ण पांढरी. वरून त्याच जागी पिवळं पडलंय. बुडाकडच्या जून पानांवर भिंगातून काळपट बारीक कण दिसले. आठवडाभर थंडी, धुकं आणि ढगाळ हवा आहे.

कडवंचीचे आमचे पाहुणे द्राक्षवाले. ते म्हणतात, भुरी ती भुरी, आमचंच औषध मारा. पण तो पाला अळ्यांच्या पोटात जाणार, माझा हात धजत नाही. शिवाय पानांवर पिवळे भुंगेरे फिरतायत, पुढच्या पांढऱ्या भागावर दोन काळे ठिपके. हे पान खातात का? मारू का? अशी पानं अळ्यांना घातली तर कोष हलके पडतील का? कृपया लवकर सांगा.

उत्तर: ताई, या बॅचवर काहीही फवारू नका. द्राक्षाची भुरी वेगळी, तुतीची भुरी म्हणजे फायलॅक्टिनिया नावाची बुरशी, ती वेगळी. द्राक्षावरची बुरशी पानाच्या वरवरच राहते, हिचे धागे मात्र खालच्या छिद्रांतून पानात शिरतात. काळे कण ही तिची बीजफळं, भिंग चांगलं असेल तर त्यांना सुयांसारखे काटे दिसतील. पांढऱ्या पानांत कस उरत नाही, ती घातली तर कोष नक्की हलके पडतात. फांदी शेडमध्ये नेण्याआधी बुडाची पानं ओरबाडून काढा, शेंड्याकडची स्वच्छ तेवढी द्या. काढलेला पाला बांधावर टाकू नका, जाळा.

पिवळे भुंगेरे मारू नका! ते आणि त्यांच्या अळ्या भुरीच खातात, पान नाही.

बॅच उतरली की छाटणी करा. नव्या फुटीवर भुरी दिसली तर पाण्यात विरघळणारं 80 टक्के गंधक, लिटरला 2 ग्रॅम, नोझल खालून वर धरून मारा. त्यानंतर 15 दिवस तो पाला अळ्यांना नाही.

ताई: खूप आभार. आजच दोन बायका लावून बुडाची पानं काढतेय. ओळी फार दाट आहेत आमच्या, मधल्या ओळींत भुरी जास्त आहे. छाटणीला एक आड एक ओळ काढली तर चालेल का?