छपरावरचा टीव्ही अँटेना कोणत्या आधारावर निवडावा?

प्रश्न
हवेतून येणारे डिजिटल टीव्ही प्रक्षेपण घेण्यासाठी छपरावर अँटेना बसवायचा आहे. मनोरा सुमारे ४० किलोमीटरवर असून मध्ये एक बुटकी टेकडी येते. खोक्यांवर कुठे ‘३५ डेसिबल गेन’ (म्हणजे सिग्नल पकडण्याची ताकद), तर कुठे ‘२०० किलोमीटर पल्ला’ असे छापलेले असते. त्यावर कितपत विश्वास ठेवावा आणि दोन टीव्हींसाठी बूस्टर (सिग्नल वाढवणारे यंत्र) लागेलच का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १
आपल्याला हव्या असलेल्या वाहिन्या कोणत्या वारंवारतेवर येतात, हे आधी शोधून काढावे, कारण पुढचे बहुतेक सगळे त्यावरच ठरते. अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल (अँटेनाची सिग्नल घेणारी मुख्य दांडी) २०० मेगाहर्ट्झसाठी साधारण ७५ सेंटीमीटर, तर ६०० मेगाहर्ट्झसाठी २५ सेंटीमीटर लांब असतो. त्यामुळे आखूड दांड्यांचा यूएचएफ (३०० मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्याचा) अँटेना व्हीएचएफ (त्याखालच्या पट्ट्यातल्या) वाहिन्यांसाठी फारसा कामाचा नाही. सगळ्या वाहिन्या एकाच दिशेने आणि यूएचएफवरच येत असतील, तर यूएचएफचा लांब यागी (एका दांड्यावर ओळीने आडव्या दांड्या लावलेला, एकाच दिशेने रोखलेला अँटेना) उत्तम. दोन्ही पट्टे हवे असतील, तर दोन्हींसाठी बनवलेला लॉग-पिरिऑडिक (क्रमाने लहान होत जाणाऱ्या दांड्यांचा अँटेना) घ्यावा. त्याचा गेन थोडा कमी असला तरी तो रुंद पट्ट्यावर बराचसा सारखा राहतो.

पल्ल्याचा आकडा मात्र बाजूला ठेवावा. मनोरा ३०० मीटर उंच, आपला अँटेना १० मीटरवर आणि मध्ये काहीही आडवे नाही असे धरले, तरी पृथ्वीच्या वक्रतेमुळे रेडिओ क्षितिज सुमारे ८४ किलोमीटरवर संपते. त्यापलीकडचे प्रक्षेपण अधूनमधून पोहोचते, पण त्याच्या भरवशावर अँटेना निवडू नये. छपरावरच्या चांगल्या यागीचा गेन साधारण १० ते १५ डेसिबल असतो. ‘३५’मध्ये बहुधा बूस्टरचे वर्धनही मिळवलेले असते.

उत्तर २
बूस्टर केबलमधली आणि स्प्लिटरमधली (एक सिग्नल अनेक टीव्हींना वाटून देणाऱ्या जोडणीतली) घट भरून काढतो, अँटेनापर्यंत न पोहोचलेला सिग्नल तो निर्माण करू शकत नाही. ३० मीटर आरजी-६ (टीव्हीसाठी नेहमी वापरतात त्या) केबलमध्ये यूएचएफला ५ ते ६ डेसिबल जातात आणि दोन वाटांच्या स्प्लिटरमध्ये आणखी सुमारे साडेतीन. तेव्हा आधी एकच टीव्ही थेट जोडून पाहावा आणि स्प्लिटर लावल्यावर चित्र तुटू लागले तरच बूस्टर घ्यावा. तो खांबावर, अँटेनाच्या अगदी जवळ असावा. टीव्हीमागे लावलेला बूस्टर केबलमध्ये क्षीण झालेल्या सिग्नलबरोबर गोंगाटही तेवढाच वाढवतो. जवळच मोबाइलचा मनोरा असेल, तर बूस्टरच्या आधी फिल्टर हवा.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. टेकडीमुळे खांब जास्तीत जास्त उंच करावा का?

उत्तर ३
उंचीचा सहसा फायदाच होतो, पण टेकडीच्या माथ्यावरून वळून येणारा सिग्नल छपरावर सगळीकडे सारखा नसतो. म्हणून खांब पक्का करण्यापूर्वी अँटेना हातभर डावी-उजवीकडे आणि वर-खाली सरकवून पाहावा. त्या वेळी टीव्हीच्या मेनूमधल्या ‘स्ट्रेंग्थ’पेक्षा ‘क्वालिटी’च्या आकड्याकडे लक्ष द्यावे. परावर्तित लहरी मिसळल्या की ‘स्ट्रेंग्थ’ भरपूर दिसूनही चित्राचे चौकोन पडतात. दांड्या आडव्या हव्यात की उभ्या, हे त्या प्रक्षेपणाच्या ध्रुवणाशी (लहरी आडव्या कंप पावतात की उभ्या, त्याच्याशी) जुळवून घ्यावे. खांब विजेच्या तारांपासून इतका लांब असावा की तो कोसळला तरी तारांना लागणार नाही, आणि खांबाचे व केबलच्या आवरणाचे अर्थिंग जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावे.