कॉन्फरन्समध्ये टीम वाढल्या की प्रत्येकाचा वाटा कमी व्हायला हवा ना?

नवाफॅन
मंडळी, मास्टर्ससाठी अमेरिकेत आलो आणि कॉलेज फुटबॉलचं (अमेरिकन फुटबॉल, सॉकर नव्हे) वेड लागलं. खेळ कळायला लागलाय पण कॉलेजं आपली कॉन्फरन्स, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या कॉलेजांचा गट, बदलतात त्या रीअलाइनमेंटचं गणित काही केल्या डोक्यात शिरत नाही. बिग टेन नावाच्या कॉन्फरन्समध्ये आधी १४ कॉलेजं होती आता १८ आहेत, मग टीव्हीचे पैसे जास्त जणांत वाटावे लागणार हे दिसत असताना जुने मेंबर हो का म्हणाले? आणि १९१५ पासूनची मुळं असलेली पश्चिम किनाऱ्याकडची कॉन्फरन्स पॅक-१२ एका उन्हाळ्यात रिकामी कशी झाली? नुसतं 'पैसा' म्हणू नका, पैसा फिरतो कसा ते सांगा.

शनिवारचा_प्रेक्षक
वाटा कमी होतो तो एकूण रक्कम तेवढीच राहिली तर. नवीन कॉलेजामुळे टीव्हीवाले जास्त मोजणार असतील तर जुन्यांचं काहीच जात नाही. पॅक-१२ मधली यूएससी आणि यूसीएलए ही कॉलेजं म्हणजे अख्खं लॉस एंजेलिस. जून २०२२ ला त्यांनी बिग टेनमध्ये जायचं जाहीर केलं, ऑगस्टमध्ये बिग टेनचा फॉक्स, सीबीएस, एनबीसीशी सात वर्षांचा ७ अब्ज डॉलरच्या वरचा करार झाला.

आता खरी मेख बघा. नंतर आलेल्यांना पूर्ण वाटा मिळतोच असं नाही. पॅक-१२ मधूनच ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये वर्षाला साधारण ३ कोटी डॉलरवर आले, जुन्यांपेक्षा बरंच कमी, आणि दरवर्षी १० लाखांची वाढ. एसीसी या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये तर कमालच, तिथे जाण्यासाठी टेक्सासच्या एसएमयूने नऊ वर्षं टीव्हीचे पैसे सोडून दिले, स्टॅनफर्ड आणि कॅल (बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ) सुरुवातीला पूर्ण वाट्याच्या ३० टक्क्यांवर तयार झाले. टीव्हीवाले नवीन मेंबरमागे पैसे देणार, नवीन मेंबर त्यातले थोडेच घेणार, उरलेले जुन्यांच्या खिशात. म्हणून ते हो म्हणतात.

पॅक-१२ ने उशीर केला, बाकी काही नाही. बिग १२ या कॉन्फरन्सने ऑक्टोबर २०२२ मध्येच ईएसपीएन आणि फॉक्स या चॅनलांशी करार उरकला, कॉलेजमागे वर्षाला सरासरी ३.१७ कोटी डॉलर. पॅक-१२ च्या हातात शेवटी ॲपलची ऑफर राहिली, त्यात खात्रीची रक्कम कमी आणि पुढचं सगळं सबस्क्रिप्शन किती विकली जातात त्यावर. जुलै २०२३ मध्ये कोलोराडो गेलं, मग ४ ऑगस्टला एका दिवसात पाच कॉलेजं गेली.

व्हॉलीबॉल_काका
गणित बरोबर आहे दादा, पण यात फक्त फुटबॉल धरलंय. फुटबॉलची टीम आठवड्यातून एकदा चार्टर विमानाने जाते आणि येते. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, सॉकरच्या मुलींनी काय करायचं? माझी पुतणी अशाच एका कॉलेजात खेळते, तिच्या टीमच्या मुली एअरपोर्टच्या गेटवर जमिनीवर बसून लॅपटॉपवर क्विझ देतात, चार्जिंगच्या प्लगसाठी आळीपाळी. लॉस एंजेलिसहून बिग टेनमधल्याच न्यू जर्सीच्या रटगर्सला जायचं म्हणजे चार हजार किलोमीटरच्या आसपास आणि तीन तासांचा टाइम झोनचा फरक, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लेक्चर असतंच. याचा खर्च करारात कुठे दिसतो सांगा ना?

आणि मागे राहिलेल्यांचं काय? ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेटला कोर्टात भांडून पॅक-१२ चा ताबा घ्यावा लागला. यूसीएलए गेल्याने कॅलचं नुकसान झालं, दोन्ही कॉलेजं एकाच सरकारी विद्यापीठाची, शेवटी विद्यापीठाच्या रीजंट्सनी (नियामक मंडळाने) यूसीएलएला तीन वर्षं दरवर्षी १ कोटी डॉलर कॅलला द्यायला लावले. मला हे मनापासून चुकीचं वाटतं, आधी घर मोडायचं आणि मग भरपाई ठरवायची.

आकडेमोड
काकांशी सहमत, त्यात एक भर. वाढलेला पैसा आता तिजोरीत राहतच नाही. खेळाडूंनी पैशांसाठी केलेल्या हाउस खटल्याच्या सेटलमेंटनंतर १ जुलै २०२५ पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षाची मर्यादा कॉलेजमागे साधारण २.०५ कोटी डॉलर. खेळाडूंना मिळायलाच हवेत, माझा पूर्ण पाठिंबा आहे, पण ज्यांचा टीव्हीचा वाटा लहान त्यांनी हे आणायचे कुठून? वाट्याच्या या फरकावरूनच एसीसीतली फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन त्याआधीच एसीसीविरुद्ध कोर्टात गेली होती. मार्च २०२५ ला तडजोड झाली, आता वाटपाचा मोठा भाग कोणाचे सामने किती लोक बघतात त्यावर, आणि एसीसीतून बाहेर पडायची फी २०३०-३१ पर्यंत साडेसात कोटी डॉलरवर उतरणार. त्याच सुमाराला बिग टेन आणि बिग १२ चे करारही संपतात. पुढची पळापळ तेव्हाच, लिहून ठेवा.

नवाफॅन
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना, आत्ता कुठे उलगडलं. काका, मग फुटबॉल वेगळं काढून बाकी खेळ जवळच्या कॉलेजांशी नाही का खेळता येणार?

व्हॉलीबॉल_काका
येतं की. नोत्र दाम कॉलेजचं फुटबॉल स्वतंत्र, म्हणजे कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नाही, आणि बाकीचे बहुतेक खेळ एसीसीत. यूकॉनचंही (कनेक्टिकट विद्यापीठ) फुटबॉल स्वतंत्र, बास्केटबॉल बिग ईस्ट या कॉन्फरन्समध्ये. नियम आड येत नाही, पण कॉन्फरन्सला स्वतःच्या चॅनलवर दाखवायला वर्षभर सगळे खेळ लागतात, म्हणून मुलींच्या टीमना सोडत नाहीत.