थायलेरियातून (गोचिडामुळे होणारा रक्तपरजीवीचा आजार) सावरलेल्या गाईच्या स्मीअरमध्ये (काचपट्टीवरचा रक्ताचा थर) अजून परजीवी, मग प्रतिकारशक्ती कसली?

स्लाईडवाला : थायलेरिया अ‍ॅन्युलाटाचा गोचीडताप उतरला, खांद्यापुढची गाठ बसली, अँटिबॉडी टायटर (रक्तातलं अँटिबॉडीचं प्रमाण) भरपूर. तरी दोन महिन्यांनी तांबड्या पेशींत तुरळक पायरोप्लाझम (परजीवीचं तिथलं रूप) दिसतातच. याला प्रतिकारशक्ती म्हणायचं का? बुपार्व्हाक्वोन (थायलेरियाचं औषध) पुन्हा टोचावं का? आणि लस लागू पडली की नाही हे टायटरवरून ठरवता येईल का?

गोचीडपुराण : आधी टायटर बाजूला ठेवा. अँटिबॉडी पेशीबाहेरच्या जंतूला धरते, आणि थायलेरिया बाहेर सापडतो तो फार थोडा वेळ. गोचिडाच्या लाळेतून आलेला स्पोरोझॉइट (परजीवीचं संसर्ग करणारं रूप) मॅक्रोफेज (जंतू गिळणारी पांढरी पेशी) किंवा बी-पेशीत (अँटिबॉडी बनवणारी पांढरी पेशी) शिरतो, भोवतीचं आवरण विरघळवतो आणि थेट सायटोप्लाझममध्ये ठाण मांडतो. तिथे त्याचा शायझॉंट (पेशीत वाढणारं रूप) होतो आणि तो त्या पेशीलाच कर्करोगासारखं वाढायला लावतो. पेशी दुभंगताना तो विभाजनाच्या तंतूंना चिकटतो, त्यामुळे दोन्ही नव्या पेशींत त्याचा वाटा पोचतो. गाठ सुजते ती यामुळेच.

इथे मुख्य मारेकरी सीडी-८ टी-पेशी (बाधित पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशी). बाधित पेशीच्या पृष्ठभागावर एमएचसी-१ रेणूवर परजीवीच्या प्रथिनांचे तुकडे दिसले की त्या ती अख्खी पेशीच मारतात. जोडीला इंटरफेरॉन-गॅमाने (टी-पेशी सोडतात ते संदेशप्रथिन) चेतलेले मॅक्रोफेज नायट्रिक ऑक्साइड सोडतात. तांबड्या पेशींवर मात्र एमएचसी-१ फारच कमी असतं, म्हणून आतला पायरोप्लाझम या मारेकऱ्यांच्या नजरेतून सुटतो. तुमची गाय प्रतिकारक्षम आहे आणि वाहकही (अंगात परजीवी बाळगणारी) आहे. यात विसंगती काहीच नाही.

रक्तक्षय नसेल, ताप नसेल तर पुन्हा औषध नको. किलोमागे २.५ मिलिग्रॅम मात्रेने वाहकावस्था हमखास जात नाही. गोचीड मात्र आवरा, कारण तो याच गाईवरून संसर्ग उचलतो. अशा जनावराला विनाकारण स्टेरॉइड टोचणं म्हणजे दबलेला आजार उकरून काढणं.

लसीचंही गणित हेच. तिच्यात कल्चरमध्ये वारंवार वाढवून क्षीण केलेले शायझॉंट जिवंत पेशींत असतात. द्रव नायट्रोजनची साखळी तुटली, किंवा वितळवलेली कुपी उशिरा वापरली, की त्या पेशी मरतात. मेलेल्या पेशी टोचून टी-पेशी धड तयार होत नाहीत, अँटिबॉडी थोडीफार दिसली तरी. टायटरवर विसंबू नका ते म्हणूनच.

प्लीहा : बबेसियाला (गोचिडातूनच पसरणारा दुसरा रक्तपरजीवी) हे जसंच्या तसं लावू नका. तो थेट तांबड्या पेशींत जातो, तिथे प्लीहेतले मॅक्रोफेज आणि अँटिबॉडी दोन्ही लागतात. प्लीहा काढलेल्या जनावरात तो बेफाम वाढतो. सहा-नऊ महिन्यांपर्यंतची वासरं सहसा सौम्य आजारातून निभावतात, कारण त्यांच्या प्लीहेत इंटरफेरॉन आणि नायट्रिक ऑक्साइडची फळी लवकर उभी राहते. प्रादुर्भावाच्या भागात वासराला गोचीड मुळीच लागू न देता वाढवलं आणि पहिला संसर्ग मोठेपणी झाला, तर रक्तलघवी होऊन जनावर दगावू शकतं.

स्लाईडवाला : मग सर्रा (ट्रिपॅनोसोमा परजीवीचा आजार)? ट्रिपॅनोसोमा तर उघड्यावर, रक्तातच पोहतो. तिथे अँटिबॉडी पुरायला हवी.

गोचीडपुराण : पुरते, पण एका लाटेपुरती. त्याच्या अंगावर एकाच पृष्ठप्रथिनाच्या सुमारे एक कोटी प्रती असतात. आयजीएम (आधी तयार होणारी अँटिबॉडी) ती ओळखून बहुतेकांचा फडशा पाडते, तेवढ्यात काहींनी दुसरं प्रथिन चढवलेलं असतं. म्हणूनच ताप चढ-उतार करतो आणि लस जमलेली नाही. दोन लाटांच्या मधला स्मीअर निगेटिव्ह आला म्हणून निश्चिंत होऊ नका. हिमॅटोक्रिट नळी (रक्त भरलेली बारीक काचनळी) सेंट्रिफ्यूज करून पांढऱ्या पेशींच्या थराच्या सीमेवर हलणारे परजीवी पाहा, आणि तपासणी पुन्हा करा.

खुराडा : कोंबड्यांचं राहिलं. आयमेरियातही (कोंबड्यांच्या आतड्यातला, रक्ती हगवणीचा परजीवी) भिस्त टी-पेशींवर. बी-पेशी नसलेले पक्षीही दुसरा संसर्ग थोपवतात. पण प्रतिकारशक्ती प्रजातीपुरतीच : आयमेरियाच्या मॅक्झिमा प्रजातीची टेनेला प्रजातीला चालत नाही. जिवंत ऊसिस्टची (परजीवीची अंड्यासारखी अवस्था) लस दिली की ते विष्ठेतून लिटरमध्ये (खुराड्यातलं भुशाचं अंथरूण) पडून पुन्हा पोटात जायला हवेत. लिटर ठणठणीत कोरडं ठेवलं किंवा खाद्यात कॉक्सिडिओरोधक (आयमेरियाविरोधी) औषध राहून गेलं, तर हे चक्र तुटतं आणि पिल्लं अर्धवट संरक्षित राहतात. लिटर चिकचिकीत झालं तर उलट ऊसिस्टचा मारा इतका वाढतो की लसवाल्या कळपातही रक्ती हगवण लागते.