मे महिन्याचं पाणी: सरासरी ४००, मग कमी कुणाला पडतंय?

(रत्नागिरीतल्या एका सोसायटीचा ग्रुप)

सेक्रेटरी: मीटरचा तक्ता टाकलाय. ११ फ्लॅट, रोजचा एकूण वापर ४,४०० लिटर, म्हणजे फ्लॅटमागे ४००. ४०० च्या वर असलेल्या पाच घरांनी जरा हात आखडावा.

१०१: साहेब, त्यात तीन फ्लॅट कुलूपबंद आहेत. चाकरमानी येणार गणपतीला. तोवर त्यांच्या शून्यांमुळे आम्ही उधळे ठरायचं काय?

३०२: काकांचं बरोबर आहे. राहती घरं ८. ४,४०० भागिले ८, आले ५५०.

सेक्रेटरी: मग तर जवळजवळ सगळेच पास!

३०२: ८ पैकी ७ घरं सरासरीच्या खाली. निम्मे वर, निम्मे खाली असं आपण धरून चालतो, पण तो गुण मध्यकाचा. दहावीतले मध्य, मध्यक, बहुलक आठवा. आकडे चढते लावा: ३१०, ३४०, ३८०, ४१०, ४३०, ४६०, ५२०, १५५०. संख्या सम आहे, म्हणून मधले दोन घ्यायचे, ४१० आणि ४३०. त्यांच्या मधोमध ४२०. शेवटच्या १५५० चे ५,००० झाले तरी मध्यक ४२० च राहील, सरासरी मात्र ९८१ वर जाईल.

२०१: वहिनी, एक्सेलमध्ये मीडियन लावलं तर ३८० येतंय.

३०२: बंद फ्लॅटांपुढे ० लिहिलंय ना? एक्सेल ० मोजतं, रिकामा खण सोडून देतं. अ‍ॅव्हरेजचंही तसंच. ते तीन ० पुसून टाक.

२०१: आलं ४२०. नळाला पाणी येणार नाही त्या आठवड्याचे टँकरही यानेच काढतो. ४२० गुणिले ८ गुणिले ७, २३,५२० लिटर.

३०२: अरे नको! सहाव्या दिवशी टाकी कोरडी पडेल. एकूण किती लागणार हे काढताना सरासरीच हवी, कारण ती घरांनी गुणली की मूळ बेरीज परत मिळते. मध्यक गुणून काहीच मिळत नाही. ४,४०० गुणिले ७ म्हणजे ३०,८००. दहा हजारी तीन टँकर, वरचे ८०० वाचवायचे. साधारण घराला किती लागतं असं कुणी विचारलं तर सांगायचं ४२०.

४०१: आमचे ५२० दिसतात, पण माणसं पाच आहेत. माणशी १०४.

१०२: आमचे ३१०, माणसं दोन. अगो बाई, माणशी १५५!

३०२: बघा, फ्लॅटमागे सगळ्यांत काटकसरी घर माणशी हिशेबात पुढे गेलं. शहरी पाणीपुरवठ्याचं १३५ लिटरचं मानक दरडोईच असतं. तक्त्यात माणसांचा रकाना हवा, नाहीतर भांडण चुकीच्या दाराशी जातं.

१०१: बातम्यांतल्या पावसाचंही हेच. हवामान खात्याची ८७ सेंमी ही जून ते सप्टेंबरची, १९७१ ते २०२० वरून काढलेली अख्ख्या देशाची सरासरी. आपल्याकडे तेवढा एकट्या जुलैतच कोसळतो. देशात ‘सरासरीइतका’ झाला म्हणून आपली विहीर मे मध्ये भरलेली असेल असं नाही.

१०३: सगळे गप्प आहात म्हणून मीच विचारते. १५५० आमचे. घरात तिघंच, मशीन दिवसाआड. तो आकडा काढून टाका ना हिशेबातून.

३०२: काढायचा नाही. पाणी खरंच गेलंय, टँकरचे पैसेही जाणार. असा एकटा आकडा दिसला की तो का आला ते शोधायचं.

खजिनदार: १०३ च्या वहिनी, तुम्हा तिघांचा ४३० वापर धरला तर जास्तीचे ११२० लिटर. मिनिटाला पाऊण लिटर, तेही रात्रंदिवस. नळ असा वाहिला तर ऐकू येतो, म्हणजे संशय फ्लशवर. आधी सगळे नळ बंद करून मीटरवरचं छोटं चक्र बघा, फिरतंय का. मग फ्लशच्या टाकीत चार चमचे कोकमाचं आगळ घाला आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात लाल उतरलं तर गळती तिथेच. टाकीतलं पाणी आतल्या उभ्या नळीच्या तोंडापर्यंत चढलं असेल तर फ्लोट बिघडलाय, त्याखाली असेल तर तळाचं वॉशर.

१०१: आगळ मे महिन्यात फ्लशला! सोलकढी करा हो त्याची.

१०३: चक्र फिरतंय. आगळही उतरलं. पाणी नळीच्या बरंच खाली आहे.

खजिनदार: वॉशर. तोवर फ्लशच्या मागची अँगल कॉक बंद ठेवा, बादलीने काम चालवा.

२०१: १०३ चे ४३० घालून बघितले. सरासरी ५५० वरून ४१०, मध्यक ४२० चा ४२० च.

सेक्रेटरी: वॉशर बसून दोन दिवस मीटर बघतो, मग तिसऱ्या टँकरचं ठरवू. दोन आत्ताच सांगून ठेवतो.