मदत हवी आहे: छेद शून्य होतो, तरी तिथे ॲसिम्प्टोट का नाही?

नमस्कार. माझी मुलगी न्यू जर्सीत दहावीत असून तिला सध्या ‘अल्जिब्रा टू’मध्ये परिमेय फलांचे (एका बहुपदीला दुसरीने भागून मिळणाऱ्या फलांचे) आलेख आहेत. मी मराठी माध्यमात शिकल्यामुळे अवयव पाडणे माझ्या हातचे आहे, परंतु ॲसिम्प्टोट, म्हणजे आलेख जिच्या अधिकाधिक जवळ जात राहतो ती अनंतस्पर्शी रेषा, समजावून सांगताना मीच अडखळते आहे. गृहपाठातील उदाहरण असे:

य = (२क्ष² − ५क्ष − ३) ÷ (क्ष² − क्ष − ६)

छेदाचे (क्ष − ३)(क्ष + २) असे अवयव पाडून तिने क्ष = ३ आणि क्ष = −२ या दोन्ही ठिकाणी उभ्या तुटक रेषा मारल्या. उत्तरात मात्र −२ची एकच रेषा आहे. अंशाचे अवयव पाडायचे राहिले आहेत हे माझ्या लक्षात आले. तिच्या वर्गात कंस अंदाजाने जुळवून पाहतात. मी आपली जुनी, मधले पद फोडण्याची रीत दाखवली. गुणाकार −६ आणि बेरीज −५ देणाऱ्या संख्या −६ आणि १, म्हणून २क्ष² − ६क्ष + क्ष − ३, म्हणजेच (क्ष − ३)(२क्ष + १). वरखालचा (क्ष − ३) आम्ही छाटला. त्यावर तिने विचारले, “आई, नुसतं खोडल्याने छेद शून्य व्हायचा थांबतो का?” मला उत्तर देता आले नाही.

दुसरी शंका अशी, की तिच्या वहीत ‘आलेख या रेषेला कधीच स्पर्श करत नाही’ असे लिहिले आहे; मग य = क्ष ÷ (क्ष² + १) याचा आलेख य = ० या आपल्या आडव्या ॲसिम्प्टोटला आरंभबिंदूत छेदतो तो कसा?

प्रतिसाद

आपल्या मुलीचा प्रश्न अगदी रास्त आहे. खोडल्याने काहीही थांबत नाही; क्ष = ३ घेतल्यास मूळ राशी ०/० होते, त्यामुळे तिथे फलाला किंमतच नाही. प्रश्न आहे तो आसपास काय घडते याचा. २.९९ घेतल्यास सुमारे १.३९९ आणि ३.०१ घेतल्यास सुमारे १.४०१ येते, म्हणजे आलेख शांतपणे १.४ कडे जातो आणि तिथे केवळ एक बिंदू गळतो. याउलट −१.९९ ला −२९८ आणि −२.०१ ला ३०२ येते; आलेख असा उधळतो तिथेच उभी ॲसिम्प्टोट असते. म्हणून आधी दोन्हीकडचे अवयव पाडावेत, मगच रेषा माराव्यात.

वहीतले वाक्य उभ्या रेषेपुरते चालेल. आडवी रेषा मात्र क्ष खूप मोठा किंवा खूप लहान (ऋण) होत जाताना आलेख कुठे झुकतो एवढेच सांगते, मध्ये तो तिला खुशाल छेदू शकतो. ‘एकत्र न येणारी’ अशा अर्थाच्या मूळ ग्रीक शब्दानेच हा घोटाळा रुजवला असावा. आपला ‘अनंतस्पर्शी’ मला अधिक प्रामाणिक वाटतो. आपल्या पहिल्या उदाहरणात अंश आणि छेद दोन्हीकडे सर्वांत मोठा घात २ असल्याने आडव्या रेषेसाठी क्ष² च्या सहगुणकांचे गुणोत्तर घ्यावे: य = २.

धागाकर्ती

मनःपूर्वक आभार. कॅल्क्युलेटरवर ३ पाशी रेघ सलग दिसत होती, पण तक्ता उघडल्यावर ३ समोर ‘एरर’ असे आले. तिने उजवीकडची तुटक रेषा पुसून (३, १.४) येथे पोकळ वर्तुळ काढले आहे.